गाडीत घर थाटताय? मग बॅटरीपायी दहा वर्षं घालवणाऱ्या एडिसनची ही गोष्ट वाचाच

कोल्हापूरकराला गाडीचा नाद काही नवा नाही. आता त्यात एका गोष्टीची भर पडलीय. जुनी ट्रॅव्हलर नाहीतर ओम्नी घ्यायची, मागच्या सीटा काढायच्या, उद्यमनगरात नेऊन प्लायवूडचा पलंग ठोकून घ्यायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी दाजीपूर किंवा गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचं. हॉटेल नको, लॉज नको. पंखा, दिवा, मोबाईल, जमलंच तर छोटा फ्रीज, सगळं गाडीच्या बॅटरीवर.

रात्र मस्त जाते. सकाळी चावी फिरवली की गाडी नुसती टक् टक् करते आणि गप्प बसते. मग कुणाची तरी जंपर केबल शोधा, नाहीतर धक्का मारायला गावातली चार पोरं बोलवा.

अशा वेळी सगळे बॅटरीला शिव्या घालतात. पण बिचारीची चूक नसते, तिला दुसरीचंच काम दिलेलं असतं. गाडी सुरू करणारी बॅटरी आणि रात्रभर घर चालवणारी बॅटरी या दोन वेगळ्या जाती आहेत. यातल्या दुसऱ्या जातीच्या पायी ज्या माणसानं आयुष्यातली दहा वर्षं घातली, त्याला अख्खं जग ओळखतं, फक्त भलत्याच कामासाठी.

त्याचं नाव थॉमस अल्वा एडिसन.

बल्ब करताना तो हजारो वेळा फसला तरी खचला नाही, हा किस्सा तुमच्या फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येत असणार. गंमत अशी की हा किस्सा मुळात बल्बचा नाहीच. एडिसनचा सहकारी वॉल्टर मॅलरी यानं ही आठवण सांगितली आणि ती १९१० साली आलेल्या एडिसनच्या चरित्रात छापली गेली. त्यात नऊ हजारांहून जास्त प्रयोगांचा उल्लेख आहे आणि ते प्रयोग आहेत बॅटरीचे. पुढं लोकांनी गोष्ट सांगता सांगता बॅटरी काढली आणि तिथं बल्ब बसवला.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा जेमतेम काही महिने. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट धावणाऱ्या रेल्वेत पेपर आणि गोळ्या-चॉकलेट विकायला लागला. डेट्रॉईटला गाडी बराच वेळ थांबायची. पोरानं सामानाच्या डब्यातला एक कोपरा पटकावून तिथं चक्क रसायनांची प्रयोगशाळा मांडली. त्याच डब्यात छोटा छापखाना टाकून स्वतःचा पेपरही काढला. चालत्या गाडीत संसार थाटायची हौस म्हणतात ती ही. एक दिवस फॉस्फरसनं पेट घेतला, डब्याला आग लागली आणि गार्डनं प्रयोगशाळेसकट त्याला खाली उतरवलं.

पुढं एका स्टेशनमास्तरच्या पोराला त्यानं गाडीखाली येण्यापासून वाचवलं. त्या उपकाराच्या बदल्यात स्टेशनमास्तरनं त्याला तारयंत्र शिकवलं. त्या काळी तार चालायची बॅटऱ्यांवर. म्हणजे एडिसनची विजेशी ओळख झाली ती तारेतून नाही, तर काचेच्या बरण्यांतल्या रसायनांतून.

१८६७ साली तो लुईव्हिल शहरात वेस्टर्न युनियन कंपनीत रात्रपाळीचा तारवाला होता. रात्रपाळी मागून घेतली होती, कारण रात्री प्रयोग करायला मोकळीक मिळायची. एका रात्री बॅटरीवर काम करताना गंधकाम्ल सांडलं. ते लाकडी फरशीच्या फटीतून झिरपलं आणि खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर टपकलं. सकाळी नोकरी गेली.

शिशाच्या बॅटरीशी त्याचं जे वाकडं आलं ते पुढं कायम राहिलं.

ही शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यानं १८५९ साली तयार केलेली. शिशाचे पत्रे, मध्ये गंधकाम्ल. वीज भरा, वापरा, परत भरा. आज तुमच्या बॉनेटखाली जी आहे ती हिचीच नात. एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ काढला, १८७९ साली बल्ब, १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र सुरू केलं, पण या बॅटरीबद्दल त्याचं मत वाईटच राहिलं. वजन भयंकर, आम्ल स्वतःच्याच पत्र्यांना खातं आणि कंपन्या मात्र गुंतवणूकदारांना सोन्याची स्वप्नं दाखवतात, असं तो उघड म्हणायचा.

मग वयाच्या पन्नाशीनंतर तो स्वतःच या फंदात का पडला?

एक तर तो त्या वेळी मोकळा होता, आणि अर्धा बुडालेला होता. १८९० च्या दशकात त्यानं न्यू जर्सीच्या डोंगरात चुंबकानं लोहखनिज वेगळं काढण्याचा अवाढव्य कारखाना टाकला आणि त्यात बल्बनं मिळवून दिलेला बराचसा पैसा घातला. दुसरं कारण रस्त्यावर दिसत होतं. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या गाड्यांत पेट्रोलच्या गाड्या सगळ्यात कमी होत्या. वाफेच्या आणि विजेच्या गाड्या जास्त होत्या. विजेच्या गाडीला धूर नव्हता, आवाज नव्हता, हँडल मारायची कटकट नव्हती. अडत होतं ते फक्त बॅटरीपाशी.

१८९९ मध्ये त्यानं सुरुवात केली. आम्ल नको, अल्क पाहिजे. शिसं नको, लोखंड आणि निकेल पाहिजे. त्याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा संशोधकही याच वाटेवर होता आणि पेटंटवरून दोघांत वाद झाले. पण कारखाना, पैसा आणि नाव तिन्ही एडिसनकडं होतं. १९०१ साली कंपनी निघाली. पेपरांत जाहिराती झाल्या. १९०३ साली माल बाजारात आला. डिलिव्हरीच्या गाड्यांवर बॅटऱ्या चढल्या आणि एडिसननं शिशाची बॅटरी आता संपली असं जाहीरही करून टाकलं.

वर्षभरात तक्रारी यायला लागल्या. डबे गळत होते. बऱ्याच बॅटऱ्यांची ताकद काही महिन्यांतच घसरत होती. धन पत्र्यात निकेलच्या संयुगाबरोबर वीज वाहून नेण्यासाठी ग्राफाईट भरलेलं होतं आणि त्याचा संपर्क हळूहळू सुटत होता.

इथं एडिसननं जे केलं ते त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या कामांत मोजायला हरकत नाही. माल खपत असताना त्यानं उत्पादन बंद केलं, खराब बॅटऱ्या परत घेतल्या, लोकांचे पैसे दिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर वय सत्तावन्न.

पुढची पाच वर्षं न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत दिवसरात्र एकच काम चालू होतं. एकेक सेल भरायचा, रिकामा करायचा, परत भरायचा, नोंद करायची. बॅटऱ्या गाड्यांत घालून खड्ड्यांच्या रस्त्यांवरून पळवल्या. यंत्रावर ठेवून सतत आपटल्या. वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकल्या आणि उचलून परत जोडल्या. 

शेवटी उत्तर सापडलं ते रचनेत. ग्राफाईटऐवजी कागदापेक्षाही कितीतरी पातळ निकेलचे कण, आणि ते संयुगाबरोबर थरावर थर देत बारीक भोकांच्या पोलादी नळ्यांत ठासून भरायचे. नळीमुळं आतलं द्रव्य फुगलं-आकसलं तरी गळून पडत नाही. द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साईडबरोबर थोडं लिथियम हायड्रॉक्साईड टाकल्यावर ताकद आणखी टिकली. (आजची लिथियम बॅटरी वेगळी, नाव बघून गल्लत करू नका.) १९०९ साली नवी बॅटरी आली आणि ती खरोखर पोलादासारखी निघाली. पूर्ण रिकामी करून महिनोन् महिने ठेवली तरी तिला काही होत नव्हतं. जास्त भरली तरी सोसायची.

नळीतली ही युक्ती तुमच्या घरातही असू शकते. इन्व्हर्टरखाली जी उंच ट्युब्युलर बॅटरी असते, ती शिशाचीच, पण तिच्याही धन पत्र्यात द्रव्य नळ्यांत भरलेलं असतं. कारण तेच, पुन्हा पुन्हा रिकामी झाली तरी द्रव्य झडू नये. गाडीच्या बॅटरीत याच्या उलट असतं. तिथं पातळ पत्रे खूप सारे बसवतात, म्हणजे पृष्ठभाग वाढतो आणि स्टार्टर मारताना काही सेकंद शेकडो अँपिअरचा झटका मिळतो. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तेवढं लगेच भरून काढतो. असे हजारो झटके ती देईल, पण रात्रभर पंख्यासाठी तळापर्यंत उपसली तर पंधरा-वीस रात्रींतही तिचं कंबरडं मोडू शकतं. रोज खोल उपसा सोसणारी ती डीप सायकल बॅटरी.

एडिसननं ही दुसरी जात जगातली सगळ्यात चिवट करून दाखवली. आणि नेमक्या त्याच वेळी बाजारानं पहिली जात मागितली.

१९०८ साली हेन्री फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली होती. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगनं बनवलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर बसला. हँडल मारायची कटकट गेली आणि विजेच्या गाडीचा मोठा फायदाही गेला. या स्टार्टरला हवा होता झटका, आणि तो शिशाची बॅटरी छान द्यायची. एडिसनच्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त होता, थंडीत तर ती आणखीनच सुस्तावायची. झटका देणं तिच्या रक्तातच नव्हतं. फोर्ड हा एडिसनचा जिवलग भक्त. दोघांनी मिळून स्वस्त विजेची गाडी काढायचं १९१४ च्या सुमारास गाजलं होतं. ती गाडी बाजारात कधीच आली नाही.

बॅटरी मात्र बुडाली नाही. रेल्वेचे सिग्नल, डब्यांतले दिवे, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, डिलिव्हरीचे ट्रक, जिथं झटका नको आणि दम पाहिजे तिथं तिथं ती गेली. उतारवयात एडिसनला चांगला पैसा देणाऱ्या मालांत हीच होती.

एक ठिकाण मात्र जिवावर बेतलं. शिशाच्या बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर विषारी क्लोरीन तयार होतो, म्हणून अमेरिकन नौदलानं ई-२ या पाणबुडीत एडिसनच्या बॅटऱ्या बसवून पाहिल्या. १५ जानेवारी १९१६ ला न्यूयॉर्कच्या गोदीत ती पाणबुडी उभी असताना आत स्फोट झाला आणि माणसं दगावली. बॅटऱ्यांतून निघालेला हायड्रोजन आत कोंडला होता. एडिसन तेव्हा नौदलाच्याच सल्लागार मंडळाचा अध्यक्ष होता. दोष बॅटरीचा की हवा खेळती न ठेवणाऱ्यांचा, यावर बराच वाद झाला.

पलंगाखाली इन्व्हर्टरची बॅटरी सरकवून काचा लावून झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. पाणी घालावं लागणारी कुठलीही बॅटरी भरत आली की हायड्रोजन सोडते. तिला बंद खोका आणि खोक्यातून थेट गाडीबाहेर जाणारी नळी पाहिजेच.

आता एडिसनच्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा भाग.

१९१४ पासून एडिसन, फोर्ड आणि निसर्गलेखक जॉन बरोज एकत्र भटकायला लागले. पुढं टायरवाले हार्वे फायरस्टोन सामील झाले. १९१८ साली ही मंडळी ॲपलाचियन डोंगरांत गेली. (इकडं त्याच काळात कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवत होते.) सोबत गाड्यांचा ताफा, तंबू, स्वयंपाकी. पुढच्या सहलींत फोर्डनं खास स्वयंपाकाचा ट्रकच बनवून घेतला, त्यात शेगडी होती, बर्फाची पेटी होती. रानात अंधार पडला की तंबूंमध्ये विजेचे दिवे लागायचे. वीज यायची एडिसनच्या साठवण बॅटऱ्यांवरून. गाडीतून फिरायचं, रानात मुक्काम करायचा आणि सोबत आणलेल्या बॅटरीवर घर उजळायचं, हा आजच्या कॅम्पर व्हॅनचा सगळा खेळ तिथं मांडलेला होता.

१९२१ च्या मुक्कामाला तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग येऊन राहिले. एडिसनला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. झाडाखाली गवतावर पसरून तो निवांत झोपला, आणि तो फोटो आजही फिरतो. १९२४ नंतर या सहली थांबल्या, कारण मागं पत्रकारांचीच जत्रा लागायला लागली होती.

त्या तंबूंचा आणि तुमच्या दाजीपूरच्या मुक्कामाचा हिशोब एकाच पद्धतीनं होतो. आधी बॅटरी बघायची नाही, आधी खर्च मोजायचा. १२ व्होल्टचा २५ वॉटचा पंखा आठ तास म्हणजे २०० वॉट-तास. दिवे १० वॉटचे, पाच तास, ५० वॉट-तास. मोबाईल आणि लॅपटॉप धरा १००. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज ४५ वॉटचा, दिवसातला अर्धा वेळ चालला तर साधारण ५४०. एका दिवसाचे झाले ८९०. फ्रीज काढला तर ३५०. सगळा खेळ फ्रीजचा आहे, हे इथंच कळतं.

आता १५० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी घेतली तर ती कागदावर १८०० वॉट-तास. पण शिशाची निम्म्याखाली नेली की आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून हातात येतात ९००. फ्रीजसकट एक दिवस, बस. उंच ट्युब्युलर असेल तर ती पन्नास किलोच्या वर जाते. शिवाय ती घरात एका जागी उभी राहण्यासाठी बनलेली असते, करूळ घाटाच्या वळणांवर हिंदकळायला नाही. शिशातच राहायचं तर गाडीसाठी एजीएम किंवा जेलची सीलबंद डीप सायकल बरी. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासाची बॅटरी १२८० वॉट-तासांची, त्यातले हजारभर बिनघोर वापरता येतात आणि वजन बारा-तेरा किलो. सुरुवातीला पैसे जास्त मोजावे लागतात. पण महिन्यातून तीन-चार मुक्काम करणाऱ्यानं शिशावर पैसे वाचवू नयेत.

चार्जिंगला लोक सगळ्यात जास्त फसतात. कोल्हापूर ते दाजीपूर दोन-अडीच तास गाडी चालली म्हणजे बॅटरी फुल, असा हिशोब मनात असतो. शिशाची बॅटरी पहिले सत्तर-ऐंशी टक्के पटकन घेते, उरलेल्या वीस टक्क्यांना चार-पाच तास लावते. घाईनं अर्धवट भरून तशीच ठेवली की पत्र्यांवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि तेवढी बॅटरी कायमची जाते. एडिसनचा लोखंडी सेल अशा हालअपेष्टा सोसायचा, शिशाची सोसत नाही. म्हणून घरी आल्यावर तिला टप्प्याटप्प्यानं भरणाऱ्या चार्जरवर रात्रभर लावायची. साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढवून तिथं धरायची, मग साडेतेराच्या आसपास उतरवून ठेवायची. नेमका आकडा बॅटरीवर छापलेला असतो, तोच खरा. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे १५० ला १५ अँपिअर. चार्जर बंद करून काही तासांनी मोजलं तर भरलेली बॅटरी १२.७ च्या जवळपास दाखवते. १२.२ दिसलं की निम्मी संपली समजायचं. मे महिन्यात तापलेल्या गाडीत चार्जिंगचा व्होल्टेज थोडा कमीच लागतो, आणि दहा अंश तापमान वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. त्यामुळं ती बॉनेटशेजारी ठेवायची नाही.

लिथियमची गोष्ट उलटी. ती अर्धवट भरलेली राहिली तरी नाराज होत नाही, पण करंट एवढा ओढते की थेट जोडली तर गाडीचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच. तो स्टार्टरची बॅटरीही वेगळी राखतो, म्हणजे सकाळची टक् टक् बंद. आणि कुठलीही बॅटरी असो, धन टोकाजवळ फ्यूज पाहिजे.

छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल टाकलं तर चांगल्या उन्हात दिवसाला ६०० ते ७०० वॉट-तास हाती लागतात. जुलैत गगनबावड्याला गेलात तर ते नुसतं छप्पर म्हणूनच उपयोगी पडेल.

मग थेट एडिसनचीच बॅटरी का घेऊ नये? निकेल-लोखंडाचे सेल आजही बनतात. पण ते जड असतात, भरलेल्या विजेतला मोठा हिस्सा गॅस होण्यात घालवतात, सारखं डिस्टिल्ड वॉटर पितात आणि नुसते ठेवले तरी हळूहळू रिकामे होतात. १२ व्होल्टचा संच पूर्ण भरायचा तर १६-१७ व्होल्टपर्यंत जावं लागतं, ते तुमच्या पंख्याला आणि फ्रीजला झेपणार नाही. शेतावरच्या खोलीत सोलरला जोडून ठेवायला ठीक, गाडीत नको.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ ला गेला. तोवर त्याच्या नावावर अमेरिकेची १०९३ पेटंटं जमली होती. अंत्यसंस्काराच्या रात्री अमेरिकेत लोकांनी मिनिटभर दिवे मालवले. बॅटरीचा कारखाना त्याच्यामागं चाळीस वर्षं चालला. १९७२ साली तो विकत घेतला एक्साईडनं, म्हणजे ज्या शिशाच्या बॅटरीला संपवायला एडिसन निघाला होता तिच्याच एका जुन्या कंपनीनं. १९७५ साली तिनं उत्पादन बंद केलं. त्याआधी विकले गेलेले काही पोलादी सेल जुन्या गोदामांतून आजही बाहेर येतात, आणि पाणी बदलून अल्क भरला की त्यातले कितीतरी परत वीज धरतात.